लाल शाईतलं 'बघितले'

उत्तर नागपुरातल्या वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालतो. तिथल्या ताईंनी माझ्यासमोर पाचवीच्या दोन वह्या ठेवल्या. दोन्ही परिसर अभ्यासाच्या, पुस्तक बालभारतीचं. एक महापालिका शाळेतल्या मुलाची, दुसरी पश्चिम नागपुरातल्या खासगी शाळेतल्या मुलीची, ताईंनी मुद्दाम मागून आणलेली.

मुलाचं अक्षर सुरेख. गाळलेल्या जागा, जोड्या लावा, सगळं फळ्यावरून उतरवलेलं. खाली लाल शाईत 'बघितले'. पुस्तकात 'जरा डोके चालवा' अशी चौकट असते, तिच्यातला एकही प्रश्न वहीत नाही. मुलीच्या वहीत खाडाखोड फार. पण पेंचच्या धरणापासून घरच्या नळापर्यंतचा नकाशा आहे, आणि समासात बाईंनी विचारलंय, 'उन्हाळ्यात पाणी कमी का पडतं?' उत्तराखाली पुन्हा बाईंचाच दुसरा प्रश्न.

ताईंनी तोच प्रश्न मुलाला तोंडी विचारला. "आमच्याकडं टँकर येते. लवकर पाइप टाकला त्याचाच ड्रम भरते. मागच्या गल्लीत पोचतच नाही पाणी." छान, हेच लिही, म्हटल्यावर तो म्हणाला, "फळ्यावर लिहून द्या ना ताई."

शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. एकाच्या गळ्यात दोन वर्ग पडले की एकाला उतरवायला देऊनच दुसऱ्याला शिकवता येतं. जनगणना, निवडणुकांची कामं आहेतच. पण 'या पोरांना एवढंच झेपते' हेही मी ऐकलंय, आणि ते कामाच्या ओझ्यातून आलेलं नव्हतं. 'ही पोरं' म्हणजे बहुतेक दलित, हलबा, मुस्लिम, मजुरांच्या घरची.

याच शहरात दलित समाजातल्या जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिकवायला लागल्या, तेव्हा सवर्ण पालकांनी मुलं काढून घेतली आणि बाईंची नोकरी गेली. कधीकाळी डोक्यावर ओझी वाहिलेल्या या बाईंनी 1922 मध्ये मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. तेव्हाचा नकार निदान तोंडावर होता.

आता शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखीव आहेत. 2024 मध्ये सरकारने ती वाट अरुंद करायला घेतली, उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. पण ज्यांना ती जागा मिळत नाही त्यांच्या वर्गाचं काय? त्याच कायद्याच्या 29व्या कलमात कृतीतून, शोध घेत शिकण्याची भाषा आहे. तपासणीला कोणी आलं की मात्र वह्या पूर्ण आहेत का आणि खाली सही आहे का, एवढंच बघतात.