पाळण्यांतील बाळ व कपांतील चहा

गेल्या वर्षीं आमच्या घरीं आठव्या महिन्याच्या आरंभींच नात जन्मास आली. नेवाशाहून तिला तांतडीनें नगरच्या दवाखान्यांत न्यावें लागलें. पोरीचा श्वास मधूनच थांबे. परिचारिकेनें तळपायास टिचकी मारली कीं पुन्हां चाले. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर म्हणाले, "कॅफीन सुरू केलें आहे." आमच्या सौभाग्यवतींनीं कपाळास हात लाविला. "अहो, चहा-कॉफींतलें सत्त्व ना तें? मोठ्यांची झोंप उडविणारें. तान्ह्या पोरीस कसें हो देतात?" शंका वेडगळ नव्हती, म्हणून मीं तिचा पिच्छा पुरविला.

हें सत्त्व 1819 सालीं रुंगे नामक तरुण जर्मन रसायनज्ञानें कॉफीच्या बियांतून वेगळें काढिलें. त्या बिया त्याला दिल्या होत्या महाकवि गटे यानें. आपल्या शाकुंतलाची मुक्तकंठानें स्तुति करणारा तोच हा गटे!

आपण जागे असतां मेंदूंत ॲडिनोसीन नांवाचें द्रव्य सांचत जातें. तें आपल्या ठराविक जागीं जाऊन बसलें कीं डोळे जड होतात. कॅफीन त्या जागा आधींच अडवितें. थकवा जात नाहीं, त्याची वर्दी तेवढी पोंचत नाहीं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचें श्वासकेंद्र अद्यापि कच्चें असतें व हेंच ॲडिनोसीन तें मंद करितें. तेथेंही कॅफीन आड येतें. केंद्र जागें राहतें व श्वासपटलास जोर येतो. म्हणजे मोठ्याची झोंप मोडणारा आणि बाळाचा श्वास राखणारा गुण एकच. कॅनडांतील डॉ. बार्बरा श्मिट यांच्या पुढाकारानें सव्वा किलोपर्यंत वजनाच्या सुमारें 2000 बाळांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2006 सालीं प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा चिवट विकार कॅफीन न मिळालेल्यांत शेंकडा 47 जणांस जडला, मिळालेल्यांत शेंकडा 36 जणांस.

येथेंच गृहिणींनीं सावध राहावें. प्रौढाच्या शरीरांतील निम्में कॅफीन सुमारें पांच तासांत सरतें. नवजात बाळास तीन-चार दिवस लागतात. दवाखान्यांत वजनाच्या मापानें देतात व नाडीवर पहारा ठेवितात. "डॉक्टरही देतातच कीं" म्हणून घरीं बाळास चमच्यानें चहा चाटविणें हा शुद्ध अविचार होय. पहिल्या चमच्याचा अंश उरला असतांनाच दुसरा पोटांत पडतो. अंगावर पाजणाऱ्या आईनें एक-दोन कप घेतल्यानें मात्र सहसा बिघडत नाहीं.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण आपल्याच प्रांतांतील. 1920 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया कामावर जातांना तान्ह्यांस अफूची 'बाळागोळी' देत. मूल निजे; पण अफू श्वासकेंद्रासही गुंगी आणते. मात्रा चुकली तर निजलेलें मूल उठत नसे. त्या बायांस दोष देणें सोपें आहे. आपल्या घरांत मूल घेण्यास चार हात असतात, त्यांच्या खोलींत एकही नसे.

आतां मोठ्यांविषयीं. 1860 सालीं डॉ. सॉल्टर यांनीं दम्यावर कडक कॉफी सुचविली होती. तिनें श्वासनलिका कांहीं काळ थोड्या सैल होतात हें खरें; तथापि दमेकऱ्यानें तिच्यावर विसंबून औषध सोडूं नये. झोंपेचा हिशेब अधिक कडक आहे. 2013 सालच्या एका प्रयोगांत निजण्यापूर्वीं सहा तास 400 मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोंप तासाहून अधिक घटली. आपल्या चहाच्या कपांत साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम असतें. पण दिवसांत किती कप झाले हें पाहुण्यांच्या घरांत कोण मोजतो?

नात सहाव्या आठवड्यांत घरीं आली. औषध त्यापूर्वींच थांबविलें होतें. मीं संध्याकाळचा सातचा चहा चारवर आणिला आहे. सौभाग्यवती मात्र मोहिनीराजाच्या देवळांतून कीर्तन ऐकून आल्या कीं अर्धा कप घेतातच. रात्रीं पाळण्याशीं बसावयाचें असतें, म्हणतात.