सीटखालच्या ठिणग्या

मारुती ओमनीची किंवा ईकोची पुढची सीट कधी उचलून पाहिलीय? बाकीच्या गाड्यांचं इंजिन बोनेटखाली असतं, या दोघींचं मात्र चक्क पुढे बसणाऱ्यांच्या बुडाखाली. दार उघडा, सीट उलटी करा, इंजिन समोर हजर. घरच्या घरी स्पार्क प्लग बदलायला शिकायचं असेल तर आपल्याकडे याहून सोयीची फॅमिली गाडी नाही, असं माझं ठाम मत आहे. ओमनीत सिलिंडर तीन, म्हणून प्लग तीन. ईकोत चार. १९८४ साली रस्त्यावर आलेली ओमनी २०१९ मध्ये बंद झाली. तोवर तिच्या सरकत्या दारातून शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं आणि हिंदी सिनेमातले यच्चयावत अपहरणकर्ते आत-बाहेर करून गेले होते. हे सगळं चाललं ते बोटभर लांबीच्या तीन प्लगांवर.

हा बोटभर ऐवज काम किती करतो ते बघा. चार-स्ट्रोक इंजिनच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लगची एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्लग मिनिटाला १५०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. याच लयीत पुणे ते सातारा दोन तासांत गाठलं, तर प्रत्येक प्लगने १,८०,००० ठिणग्या पाडलेल्या असतात. आणि एकही चुकलेली चालत नाही. चुकली की गाडी मिसिंग मारते, पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज उतरतो.

बॅटरी असते १२ व्होल्टची. तेवढ्यात ठिणगी पडत नाही. इग्निशन कॉईल ते व्होल्टेज हजारोंच्या घरात नेते, २० हजारांच्या पुढेही. एवढा दाब आला की जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीतली हवा आणि पेट्रोलची वाफ वीज वाहून न्यायला तयार होते. क्षणभर त्या ठिणगीचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागालाही मागे टाकतं. वीज आडवाटेने निसटू नये म्हणून प्लगचा पांढरा भाग अ‍ॅल्युमिना सिरॅमिकचा करतात. त्याच्यावरचे गोल कंगोरे शोभेचे नाहीत. पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या विजेची वाट ते लांबवतात. म्हणूनच नवा प्लग तेलकट हाताने पांढऱ्या भागावर धरू नये. तेलाचा आणि मळाचा थर विजेला आयती पायवाट करून देतो.

प्लगच्या इतिहासातला सगळ्यात भारी माणूस मेकॅनिक नव्हता, सायकलपटू होता. अल्बर्ट शॅम्पियन, पॅरिसचा. १८९९ साली त्याने पॅरिस–रुबे ही दगडी रस्त्यांवरची खडतर शर्यत जिंकली. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने प्लगचा धंदा मांडला. भागीदारांशी फाटलं आणि हा बाहेर पडला, पण ‘चॅम्पियन’ हे नाव भागीदारांकडेच राहिलं. मग त्याने दुसरी कंपनी काढली आणि शेवटी तिला आपली आद्याक्षरं दिली : एसी. एकाच माणसाच्या नावाचे दोन ब्रँड, एक आडनावाचा, एक आद्याक्षरांचा, आणि दोघे एकमेकांचे हाडवैरी! गंमत इथेच संपत नाही. १९६२ साली नासाने अपोलो यानांच्या दिशादर्शन यंत्रणेचं काम कंपन्यांना वाटून दिलं. आराखडा एमआयटीचा होता, आणि ती यंत्रणा बनवणाऱ्यांच्या यादीत जनरल मोटर्सचा एसी स्पार्क प्लग विभाग होता. प्लगवाले चंद्रापर्यंत पोचले ते असे.

आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकच्या तोंडी नाव असतं मायकोचं. बॉशची ही भारतातली कंपनी १९५१ साली सुरू झाली, आणि २००८ मध्ये तिचं नावही बॉश झालं. तिच्या नाशिकच्या कारखान्याचं नाव मात्र झालं ते डिझेल इंजेक्टरसाठी. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की फवारलेलं डिझेल उष्णतेनेच पेटतं. त्यामुळे डिझेल गाडीवाल्यांनी हे पुढचं नुसतं ऐकावं.

पुढचं म्हणजे पाना हातात घेण्याचं.

सगळ्यात आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम हेडमधून प्लग काढताना अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलवटून निघू शकतात, आणि आटे गेले की खर्च प्लगचा राहत नाही, हेडचा होतो. किल्ली काढून खिशात टाका. प्लगच्या खळग्यात धूळ, खडी, कधी वाळलेलं पानही सापडतं. सायकलच्या पंपाने हवा मारून ते आधी उडवा, नाहीतर प्लग निघाला की कचरा थेट सिलिंडरमध्ये. वायर ओढू नका, टोपी धरून हलकेच फिरवत उपसा. आणि एका वेळी एकच प्लग. तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२ असा असतो. सगळ्या वायरी एकदम काढून बसलात आणि त्या अदलाबदल झाल्या, तर गाडी चालूच होणार नाही किंवा खोकत राहील.

प्लग पाना सरळ उभा बसला पाहिजे. तिरका जोर आला की पांढऱ्या सिरॅमिकला केसाएवढी चीर जाते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. पहिला झटका बसला की आटे कोरडे कुरकुरतात, मग हळूहळू मोकळे होतात. तिथून पुढे हातानेच फिरवा.

नवा प्लग बसवताना मेकॅनिक लोकांची एक युक्ती मला फार आवडते. जाड रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळीनेच प्लग खळग्यात उतरवून फिरवायचा. आटे बरोबर लागले तर प्लग फिरत जातो. वाकडे लागले तर नळीच प्लगच्या डोक्यावर घसरते, म्हणजे आटे बिघडवण्याएवढा जोर लागतच नाही. प्लग हाताने पूर्ण बसला की नव्या वायसरसाठी पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. टॉर्क रेंच असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर. ताकद दाखवायची ही जागा नव्हे.

त्याआधी गॅप तपासायचा. फीलर गेजचं पातं फटीतून किंचित अडकत, पण न रेटता सरकलं पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फट वाढली तर कॉईलवर ताण येतो, फार कमी असली तर ठिणगी दुबळी पडते. इरिडियमच्या प्लगांना मात्र हात लावू नका. त्यांचं टोक सुईसारखं बारीक असतं, काहींचं तर फक्त ०.४ मिलिमीटर, आणि वाकवायला गेलं की तुटतं. इरिडियम वितळतं २४४६ अंश सेल्सिअसला, निकेल १४५५ ला. म्हणून हे प्लग महाग आणि म्हणूनच ते कितीतरी पट जास्त चालतात.

प्लगवरचा नंबर सांभाळून वाचा. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग ‘थंड’, बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की ‘गरम’. एकदम उलट! दुकानात ‘तोच आकडा द्या’ म्हणून ब्रँड बदलला तर फसगत ठरलेली. एनजीकेच्या नंबरमधला ‘आर’ म्हणजे आत बसवलेला रोधक, साधारण ५००० ओहमचा. तो नसेल तर प्रत्येक ठिणगी रेडिओच्या लहरी सोडते. जुन्या गाडीत विविध भारती लावलं की इंजिनच्या तालावर खरखर यायची, तिचं एक मोठं कारण हेच.

आता काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. खरी मौज इथे आहे. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओलं, तेलकट काळं टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत, ऑइल वर येतंय. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन तापतंय, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. बाकीचे प्लग सारखे आणि एकच वेगळा असेल तर दुखणं त्याच सिलिंडरचं. एवढं निदान फुकटात दुसरं कोण देतं? सीएनजीवरच्या ईकोचे प्लग मुळातच स्वच्छ निघतात, कारण या वायूची काजळी धरत नाही. पण तो पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर मिसिंग करतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हे वाचून आमचा हेवा वाटेल. तिकडच्या जुन्या व्ही-६ टोयोटा सिएनाला प्लग सहा. पुढचे तीन हाताला लागतात, मागचे तीन मात्र काचेच्या बाजूला खोल दडलेले. तिथे पोचायला वायपरखालचा पत्रा आणि हवेचा मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. सुदैवाने कंपनीनेच मुदत १,२०,००० मैलांची दिलेली होती.

प्लग घेताना शेवटची पारख वायसरची करा. अस्सल प्लगचा वायसर आट्यांवर अडकलेला असतो, नुसत्या बोटांनी सहज निघून हातात येत नाही. आटे गुळगुळीत, छपाई ठसठशीत, मधला इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर. नामांकित ब्रँडची नक्कल बाजारात भरपूर आहे, म्हणून खोका न उघडता पैसे देऊ नका. प्रत्येक प्लग दुकानातच उजेडात धरून बघा आणि पावती घ्या.