र्‍योआनजीच्या ओसरीवर

सकाळी आठला दार उघडलं तेव्हा रांगेत सर्वांत पुढे आम्ही अकरा जण होतो. पुण्याहून आलेला हौशी फोटोग्राफरांचा गट. ट्रायपॉड बसमध्येच ठेवले होते, कारण क्योतोच्या बहुतेक मंदिरांत ते चालत नाहीत. बूट काढून ओसरीवर आलो आणि लक्षात आलं, की उजव्या मोज्यातून माझा अंगठा बाहेर डोकावतोय. त्या अंगठ्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

समोर क्योतोतल्या र्‍योआनजी मंदिराची ती प्रसिद्ध बाग. बाग म्हणायची, पण झाड नाही, फूल नाही, पाणी नाही. साधारण २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अंगणात पांढरी खडी पसरलेली, आणि तिच्यात १५ दगड. डावीकडून मोजत गेलात तर पाच, दोन, तीन, दोन, तीन. हिरवं काय ते दगडांच्या पायाशी शेवाळ. खडीवर दाताळ्याने सरळ रेघा ओढलेल्या, दगडापाशी मात्र त्या वळून गोल होतात. ओसरीवर कुठेही बसलात तरी एखादा दगड दुसऱ्याआड जातोच. हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, तरी प्रत्येक जण बोट नाचवत मोजतो. आम्हीही मोजले. चौदा.

हे मंदिर झेनच्या रिन्झाई शाखेचं. होसोकावा कात्सुमोतो या बड्या सरदाराने ते १४५० मध्ये उभारलं. पुढे १४६७ मध्ये ओनिन युद्ध पेटलं, त्यातल्या एका फळीचा म्होरक्या हाच. त्या लढाईत क्योतो जळालं आणि त्याचं स्वतःचं मंदिरही. मुलाने १४८८ मध्ये ते पुन्हा बांधलं. १७९७ च्या आगीत मुख्य दालन पुन्हा जळून गेलं. आपण आज बसतो ती वास्तू जवळच्या दुसऱ्या मंदिरातून आणलेली आहे, १६०६ ची. बाग कोणी रचली यावर अजून वाद आहे. एका दगडाच्या पाठीवर दोन नावं कोरलेली आहेत. ती आखणाऱ्यांची की नुसती दगड वाहणाऱ्यांची, ज्याचा त्याचा तर्क.

आमची फजिती लगेच सुरू झाली. एवढी पांढरी खडी समोर आली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. फार उजेड आहे असं समजून तो फोटो काळवंडून टाकतो, आणि खडी राखेसारखी दिसते. आमच्या गटाचे सर एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो उजळ करायला सांगत होते, ‘‘एक स्टॉप वर घ्या, एक स्टॉप.’’ ते जमलं तर वाइड लेन्सची कटकट. बाग संपूर्ण बसवायला गेलं की कोपरे ताणले जातात, मागची भिंत आखडते आणि नीटस आयताची पाचर होते.

त्या भिंतीकडे कोणी बघतच नव्हतं. आमच्यातल्या एक काकू तेवढ्या मोबाइल घेऊन तिच्याकडे टक लावून बसल्या होत्या. माणसाच्या उंचीची मातीची भिंत. माती तेलात उकळून ती बांधली असं मंदिरवाले सांगतात. ते तेल वर्षानुवर्षं पाझरत राहिलंय. कुठे तांबूस ओघळ, कुठे धुरकट काळे डाग, मध्येच गुळासारखा पट्टा. ‘‘अहो, ही तर आमच्या वाड्यातली चुलीमागची भिंत!’’ काकू म्हणाल्या. माझ्या मते र्‍योआनजीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच. दगड कोणीतरी मांडले, ही भिंत मात्र आपली आपण रंगली.

पाचरीच्या दुखण्यावर डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने उपाय काढला होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये तो इथे आला आणि ओसरीच्या कडेने पावलापावलाने सरकत फोटो काढत गेला. मग सगळे प्रिंट एकमेकांना जोडले. एका जागी उभं राहून घेतला की पाचर होणारा आयत त्या जोडचित्रात पुन्हा आयत झाला. खालच्या कडेला ओळीने त्याचे मोज्यातले पाय दिसतात. लेन्सच्या जाहिराती वाचून खिसा रिकामा करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आधी बघायला हवं होतं.

कोणी या बागेचे फोटो जोडले, तर कोणी तिचं गणित मांडलं. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २००२ साली तिघा संशोधकांनी या बागेतल्या मोकळ्या जागेचं गणित मांडलं. दगडांमधल्या मोकळ्या जागेच्या मध्यरेषा काढल्या तर झाडासारख्या फांद्या तयार होतात, आणि त्या झाडाचं खोड दालनाच्या मध्याकडे, म्हणजे पूर्वापार बसायच्या जागेकडे येतं. मी त्या जागी बसून पाहिलं. झाड काही दिसलं नाही. पण तिथून हलावंसं वाटेना, हे खरं.

साडेनऊला शाळेच्या सहली आल्या आणि ओसरी भरली. आम्ही मंदिराच्या तळ्याकाठी गेलो, लाल मेपलचे शेकडो फोटो काढले. ते कोणालाही जमतात.

रात्री हॉटेलात सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावले. पहिला नंबर काकूंच्या मोबाइलमधल्या भिंतीला. मी हॉकनीची नक्कल करत चाळीस तुकडे जोडले होते. बाग बऱ्यापैकी सरळ आली, पण खालच्या कडेला तो अंगठा तीनदा आलाय.

मार्च ते नोव्हेंबर दार सकाळी आठला उघडतं. धड मोजे घालून जा.