फाइल सेव्ह केली, पण कोणाच्या कपाटात?

आता आपल्या संघाचे हिशेब नुसते रजिस्टरात राहिले नाहीत. उमेदचा प्रभागसंघ असो की माविमचं लोकसंचालित साधन केंद्र, कर्जवाटप, परतफेड, व्याज हे सगळं कम्प्युटरवर चढते. आणि बरेचदा तो कम्प्युटर आपल्यासमोर नसतो.

समजा, संघाचा मुख्य कम्प्युटर अमरावतीला आहे आणि तुम्ही दर्यापूरच्या कार्यालयात लॅपटॉपवर बसल्या आहात. रिमोट डेस्कटॉपनं अमरावतीचा कम्प्युटर उघडला, एक्सेलमध्ये परतफेडीची यादी केली, सेव्हचं बटण दाबलं, लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात, आणि लॅपटॉपवर फाइलच नाही! मग एकच ओरड, "काहून दिसत नाही बाई? काल तर सेव्ह केली होती!"

फाइल हरवलेली नाही. ती अमरावतीलाच आहे.

असं का होते?

तुमची बहीण अकोल्याला राहते. तुम्ही तिला फोनवर सांगितलं, "तो कागद कपाटात ठेव वो." कागद कोणत्या कपाटात जाईल? तिच्याच ना! रिमोट डेस्कटॉपचंही तसंच आहे. तुमच्या पडद्यावर दिसते ते तिकडच्या कम्प्युटरचं फक्त चित्र. तुमचा माऊस अन् कीबोर्ड तिकडे हुकूम पाठवतात, पण काम होते तिकडेच. म्हणून 'डेस्कटॉप' किंवा 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह केलं, की ते तिकडच्या डेस्कटॉपवर जाते. मोबाईलनं पडद्याचा फोटो काढून ठेवला, तरी ती फाइल होत नाही. त्यात बेरीज करता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही.

आपल्या लॅपटॉपवर फाइल कशी आणायची?

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन असेल तर जोडणी करण्याच्या आधीच हे करा:

१. आधी लॅपटॉपला एक पेनड्राइव्ह लावा.
२. रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा आणि 'शो ऑप्शन्स'वर क्लिक करा.
३. 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जा, खालचं 'मोअर' दाबा.
४. 'ड्राइव्ह्ज'समोरचं चिन्ह उघडा आणि फक्त त्या पेनड्राइव्हवर टिक करा. सगळ्या ड्राइव्हवर टिक करू नका. जेवढं लागते तेवढंच दार उघडायचं.
५. ओके करून कनेक्ट करा.

आता तिकडच्या कम्प्युटरवर 'धिस पीसी' उघडलं, की तुमच्या लॅपटॉपच्या नावानं तो ड्राइव्ह दिसेल. फाइल सेव्ह करताना 'सेव्ह अ‍ॅज' घ्या आणि तो ड्राइव्ह निवडा. फाइल लहान असेल तर तिकडे कॉपी आणि आपल्या लॅपटॉपवर पेस्ट, एवढ्यानंही भागते. त्यासाठी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'क्लिपबोर्ड'वर टिक लागते, आणि पेस्ट पुरी होईपर्यंत जोडणी तोडायची नाही.

एनीडेस्क वापरत असाल तर त्यात फाइल ट्रान्सफरची सोय आहे. दोन कप्पे दिसतात, एक आपल्या कम्प्युटरचा, एक समोरच्याचा. समोरच्यानं परवानगी दिली असेल, तरच फाइल आणता येते.

शेवटचं काम विसरू नका. जोडणी बंद करा आणि फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडून पाहा. उघडली, आकडे जुळले, तरच ती आपल्याजवळ आली असं समजा.

आणि एक सावधगिरी

या फायलींत बायांचे आधार नंबर, खाते नंबर, कर्जाचे आकडे असतात. सेतू केंद्रात किंवा दुसऱ्याच्या कम्प्युटरवर बसून काम केलं, तर फाइल तिथं सोडून येऊ नका. डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामं करा. पेनड्राइव्ह कार्यालयाच्या कपाटात, कुलपात ठेवा.

ज्या सोयीनं आपण अमरावतीचा कम्प्युटर चालवतो, त्याच सोयीनं चोरही आपला मोबाईल चालवू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. "बँकेतून बोलतो, हे अ‍ॅप टाका, त्यावरचा नंबर सांगा," असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. तो नंबर सांगून परवानगी दिली, म्हणजे घराची चावीच दिली. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे, लेखे अद्ययावत ठेवणं. ते लेखे कोणत्या कम्प्युटरवर आहेत, हे फक्त लेखापाल ताईलाच ठाऊक असून चालत नाही. येत्या बैठकीत एवढंच विचारा, "ताई, आपली फाइल कुठं ठेवली आहे? एकदा उघडून दाखवा बरं."