आजारी एका घरातला, जबाबदारी अख्ख्या गावाची

म्हाताऱ्या माणसाला अर्धांगवायूचा झटका येतो. थोडे दिवस इस्पितळात जातात आणि मग डॉक्टर सांगतात, ‘आता घरीच सांभाळा.’ तिथून पुढचं सगळं ओझं बहुतेक ठिकाणी बायकोच्या, सुनेच्या नाहीतर लेकीच्या अंगावर पडतं. केरळमध्ये मात्र अशा घरी पंचायतीची नर्स येते.

या कामाची सुरुवात 1993 साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात झाली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांसह ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ काढली ती कॅन्सरच्या रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी. पण ज्याला उठून बसवत नाही, तो कोझिकोडपर्यंत येणार कसा? शिवाय घरोघरी जायला लागल्यावर कॅन्सर नसलेले, नुसते वयाने आणि जुन्या दुखण्यांनी अंथरुणाला खिळलेले लोकही दिसू लागले. त्यांना गोळ्यांइतकीच माणसांची गरज होती. म्हणून 2000 सालाच्या आसपास मलप्पुरम आणि शेजारच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचे गट उभे राहिले. त्यांत शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी असे सगळे आले. सोळा तासांचं शिक्षण आणि चार गृहभेटी झाल्या की स्वयंसेवक तयार. खर्च भागायचा तो मुख्यतः गावातल्याच लहान लहान देणग्यांवर.

2008 साली केरळ सरकारने अशा शुश्रूषेसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केलं. भारतात असं करणारं ते पहिलं राज्य. घरोघरी जाऊन करायचं हे काम पंचायतींकडे आलं. त्यांना ते पेलवलं, कारण 1996 च्या लोकयोजनेपासून राज्याच्या योजना-निधीतला मोठा वाटा थेट त्यांच्या हाती येत होता. नर्सचा पगार, गाडी, औषधं यांची तरतूद पंचायतीच्या अंदाजपत्रकातच होऊ लागली.

घरी आलेली नर्स आधी रुग्णाला कुशीवर वळवून पाठ बघते. माकडहाड, टाचा, खुबे: एकाच अंगावर पडून राहिल्याने जखमा होतात त्या इथे. जखम सलाइनने धुवायची, वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड भुरभुरायची, मग ड्रेसिंग. लघवीची नळी बदलायची. हे चाललेलं असताना सुनेला शेजारी उभं करून शिकवायचं: दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला चुणी राहू देऊ नका, अंग कोरडं ठेवा. नर्स पुन्हा येईपर्यंतची शुश्रूषा तिच्याच हातून व्हायची असते. स्वयंसेवक तोवर घरातल्यांशी बोलतो. पेन्शन कुठे अडकलीय, घरात तांदूळ आहे का, मुलांच्या वह्या-पुस्तकांचं काय, हेही त्याच्या कामात मोडतं. एअर बेड, व्हीलचेअर लागली तर वापरायला मिळते, गरज संपली की पुढच्या घरी जाते.

ही व्यवस्था परिपूर्ण नाही. एका नर्सला बरीच घरं फिरावी लागतात, आणि रात्रंदिवस लक्ष ठेवायला माणूस लागतो तो लागतोच. मुलं आखातात आणि घरात दोघंच म्हातारी, अशा ठिकाणी ही उणीव फार जाणवते. तरीही घरच्या बाईला आपल्या पाठीशी कुणी आहे एवढं कळतं, आणि तिचा निम्मा भार तिथेच हलका होतो.

2011 च्या जनगणनेत केरळात साठीपुढचे लोक 12.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9. आपणही त्याच वाटेवर आहोत. केरळातली एक पंचायत साधारण वीस-तीस हजार वस्तीची असते, आपल्या बहुतेक ग्रामपंचायती तिच्या मानाने फारच लहान. पण आपल्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण तेवढीच वस्ती येते. म्हणजे दर केंद्रामागे गृहभेटींसाठी एक नर्स, एक गाडी आणि गावागावात आशाताईंच्या जोडीला चार-सहा स्वयंसेवक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्यासाठी आधी अशी माणसं किती आहेत ते कळायला हवं. पुढच्या ग्रामसभेत एवढीच मागणी करा: गावात अंथरुणाला खिळलेले किती आहेत आणि त्यांचं करणारं घरात कोण आहे, याची यादी करा.