विनोदी आहे, पण छोट्यांसाठी?

सुट्टीत सोसायटीच्या गच्चीवर मुलांना पिक्चर दाखवायचा म्हटलं, की आमच्या डोंबिवलीत 'झपाटलेला'चं नाव हमखास निघतं. महेश कोठारेंचा हा १९९३चा सिनेमा. लक्ष्मीकांत बेर्डेची धडपड बघून मोठी माणसंही पोट धरून हसतात.

पण मैत्रिणींनो, त्यात तात्या विंचू आहे! गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि लक्ष्याच्या शरीरात शिरायला त्याच्या हात धुऊन मागे लागतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्येंचा तो बाहुला चार-पाच वर्षांच्या पोराला खराच वाटतो, आणि त्याच्या उशाशीही एखादं बाहुलं असतंच ना! लक्ष्या आपटला की ते खदखदून हसतं, बाहुला डोळे फिरवायला लागला की आईचा पदर शोधतं. नऊ-दहा वर्षांची मुलं मात्र घाबरण्याचीही मजा घेतात.

२०२४पासून सेन्सॉरच्या 'यूए' प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं अशा पायऱ्या आल्यात. नव्या सिनेमांना त्याचा उपयोग होईल. जुन्यांचं आपणच बघायचं. मी तर सुचवलंय, धाकट्यांना संध्याकाळी कार्टून लावा, 'झपाटलेला' जेवणानंतर मोठ्यांसाठी. आणि एखादं पिल्लू हट्टाने बसलंच, तर बाहुला माणूसच हलवतो हे त्याला आधी सांगा.