झटक्याच्या कुंपणाला वीज कुठून द्यायची?

आजचा विषय थेट आमच्या चौलच्या वाडीतून. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून काकांना झटक्याचं कुंपण करायचंय. म्हणाले, "घरातून एक वायर ओढून तारेला जोडली की झालं!"

काका, अजिबात नाही. घरातला 230 व्होल्टचा करंट सलग वाहतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही, जीव जातो. झटका मशीन हजारो व्होल्ट देतं, पण साधारण सेकंदाला एकदा, तेही क्षणभरच. म्हणून तारेला फक्त मशीन जोडायचं. मग प्रश्न उरतो, मशीनला वीज कुठली?

घरची लाइन स्वस्त पडते. पण जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. खांब पडले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात. लाइट गेली की कुंपण म्हणजे नुसती तार.

मग बॅटरी. समजा, मशीन 12 व्होल्टवर सरासरी पाव अँपिअर खातं. म्हणजे दिवसाला 6 अँपिअर-तास, ढगाळ 4 दिवसांना 24. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणून 50 च्या आसपासची घ्या. पावसाळ्यात ऊन दोनच तासांचं धरलं तर सोलर पॅनल 36 वॉटचं लागतं. गळती धरून 60 चं बरं.

आमचं ठरलं: सोलर आणि बॅटरी. झड लागलीच, तर बॅटरी मशीनपासून सोडवून घरी चार्ज करायची. खाऱ्या हवेसाठी टर्मिनलला ग्रीस, आणि अर्थिंगची सळई ओलाव्यात.

काकांनी वायर गुंडाळून माळ्यावर टाकलीय. तुमच्याकडे कुणी तशी जोडली असेल, तर हा एपिसोड त्यांना आजच पाठवा.